बाटलीवरचं नाव

येलदरी
१३ मे २०२५

प्रिय नागेश,
सप्रेम जयभीम.

चार वर्षांपूर्वी फाटकातून बाहेर पडताना तू म्हणाला होतास, "वहिनीला सांगशील त्या दिवशी पत्र लिही. फोन करू नको. फोनवर तुला खोटं बोलता येतं." तो दिवस अजून आलेला नाही. तरीही लिहितो आहे. तुझ्या आश्रमशाळेचा पत्ता मायकडून घेतला. ती म्हणाली, "धडगावला पत्र जातं का रं? डोंगरात हाय म्हणं ते." जात असेल असं धरून चालतो.

काल बुद्धपौर्णिमा झाली. विहारात खीर होती. रेणुकानं दर वर्षीसारखी तुझ्या नावाची वाटी भरून झाकून ठेवली. सकाळी ती मी खाल्ली. हेही दर वर्षीसारखंच.

बातमी अशी, की आम्ही पुन्हा दवाखाना धरला आहे. या वेळी संभाजीनगरचा मोठा. तिथं जुने कागद पाहून घेतात, पण तपासण्या दोघांच्याही नव्यानं करतात. मला हे तिथं गेल्यावर कळलं. बाटली तिथल्याच खोलीत भरायची होती, दाराबाहेर सिस्टर उभी. बाटलीवर माझं नाव होतं आणि आत जे गेलं तेही माझंच. आयुष्यात पहिल्यांदा.

निकाल शून्य आला. तुला आश्चर्य वाटणार नाही. बाकी सगळ्यांना वाटलं.

आपण दोघं या गोष्टीबद्दल कधी सरळ वाक्यात बोललो नाही, म्हणून एकदा लिहून काढतो. आठ वर्षांपूर्वी जिंतूरच्या लॅबमध्ये 'सुगत आश्रुबा वाकळे' या नावानं जी बाटली गेली, ती तू भरली होतीस. तू बावीस वर्षांचा होतास. परसात तुझ्या हातात बाटली दिली तेव्हा तू हसलास. "दादा, परीक्षेला डमी बसवतेत, तसं का?" मीही हसलो. अर्ध्या तासात पोचवायची म्हणून बाटली शर्टाच्या आत छातीशी धरून मी गाडी पळवली. ती कोमट होती. रिपोर्ट आला: मिलीलीटरला सहा कोटी शुक्राणू. रेणुकानं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "मंग माझ्यातच काही आसंल."

त्यानंतर तिला चार वर्षं सुया टोचल्या. दोनदा भूल देऊन पोटात दुर्बीण घातली. दुसऱ्या वेळी तिला आत नेलं तेव्हा तिची चप्पल हातात धरून तू दारापाशी उभा होतास. घरी आल्यावर तू म्हणालास, "दादा, आता सांग," आणि मी मायसमोर तुझ्या थोबाडीत मारली. का मारली हे मायला अजून माहीत नाही.

एक गोष्ट तू कधी विचारली नाहीस: तपासणीच्या आधीच मला कसं कळलं होतं? आमच्या मत्स्यबीज केंद्रात सूक्ष्मदर्शक आहे. माशांची अंडी पाहायला असतो. त्या पावसाळ्यात मृगळ माशाच्या नराचा थेंब काचेवर ठेवून मी पाहिला होता. बाजाराच्या दिवसासारखी गर्दी. मग एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी माझा थेंब ठेवला. काचेखाली नुसतं ऊन होतं. स्वच्छ, रिकामं, फार सुंदर. मी बराच वेळ पाहत राहिलो, कुणीतरी येईल म्हणून.

हल्ली एक स्वप्न पडतं. धरणाचं पाणी उतरलेलं असतं आणि तळाशी बुडालेलं गाव कोरडं उभं असतं. मी गल्लीतून चालतो. प्रत्येक उंबऱ्यावर एक काचेची बाटली ठेवलेली, प्रत्येकीवर माझं नाव. मी एकही उचलत नाही.

उत्तराची अपेक्षा नाही.

तुझा,
दादा


येलदरी
२ जून

प्रिय नागेश,

तुझं कार्ड मिळालं. दोन शब्दांसाठी तू अख्खं कार्ड खर्च केलंस. "सांगितलंस का?"

नाही. पण मधे जे झालं ते ऐक.

दवाखान्यात एक डॉक्टर आहेत, प्रियांका मॅडम. वयानं तुझ्याएवढ्या असतील. माझ्यासारख्या शून्यवाल्या पुरुषांवर त्यांचा अभ्यास चालू आहे. त्यांनी कागदावर चित्र काढून आम्हाला समजावलं. बाहेर शून्य आलं म्हणजे आतही शून्यच असेल असं नसतं. एखाद्या कोपऱ्यात, एखाद्या बारीक नळीत थोडं काम चालू असू शकतं. ते शोधायला वृषण चिरून, सूक्ष्मदर्शकाखाली नळी न् नळी पाहावी लागते. चिरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना काहीच सापडत नाही. मग चिरलं ते फुकट.

"म्हणून आम्ही आधीच कळेल का ते शोधतोय," त्या म्हणाल्या. "शुक्राणू तयार होतात तिथल्या पेशींच्या खुणा त्या द्रवात उतरतात. आम्ही मुख्यतः दोन प्रथिनं बघतो. ती दिसली, तर आत काहीतरी आहे म्हणायला जागा असते. दिसली नाहीत, तर माणसाला टेबलावर घ्यायच्या आधी दहादा विचार करायचा. अजून अभ्यासच आहे हा. शंभर टक्के भरवसा मी देणार नाही."

मला हे लगेच समजलं. सकाळी हौदाच्या काठाशी उभं राहिलं की पाण्याच्या वासावरून, वरच्या फेसावरून खाली काय चाललंय ते आम्ही सांगतो. मासा दिसावा लागत नाही.

मग त्यांनी विचारलं, "घरात अजून कुणाला असा त्रास? भाऊ आहे? त्याची कधी तपासणी झालीय?"

नागेश, त्या क्षणी मला हसू आलं. तुझी तपासणी झाली आहे, हे या जगात आपल्या दोघांनाच माहीत. आकडाही पाठ आहे. मी म्हणालो, "भाऊ आहे. तपासणी नाही."

रेणुका म्हणाली, "मॅडम, यांचं आधी चांगलं होतं. हा बघा कागद." आणि तिनं पिशवीतून तो काढला. प्लॅस्टिकच्या पाकिटात. घड्यांवर फाटू नये म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली.

मॅडमनी तो उजेडात धरला. "सहा कोटी? आणि आता शून्य?" त्यांचा चेहरा बदलला, परीक्षेत अवघड गणित सापडलेल्या मुलीसारखा. मधल्या वर्षांत गालगुंड झालं होतं का? मोठा ताप? कामावर कसली औषधं हाताळता? मी प्रत्येकाला नाही म्हणत होतो आणि रेणुका आठवून आठवून सांगत होती. "कोरोनात ताप होता की तुमाला. आठ दिस."

परतताना देवगाव फाट्यावर गाडी बदलायला उतरलो. चहा घेतला. ती कपाकडं बघत म्हणाली, "मला एक सांगायचं हाय. राग धरू नका."

"बोल की."

"तवा तुमचं सगळं चांगलं होतं. माझंच काही बसंना. मी लवकर बरी झाले आसते तर आतापर्यंत लेकरू शाळेत गेलं आसतं. माझ्यापायी तुमचे दिवस गेले."

रस्त्यावरून सेलूची गाडी गेली. धूळ उडाली, ती उन्हात कितीतरी वेळ खाली बसलीच नाही. मी तिला म्हणालो, "चहा निवायलाय."

एवढंच म्हणालो. हे तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

दादा


येलदरी
१८ जून

नागेश,

मार्करचा, म्हणजे त्या खुणांचा, निकाल आला. दोन्ही प्रथिनं सापडली नाहीत. दुसऱ्यांदा तपासलं, तरी नाहीत.

पण मॅडमनी फोनवर काय सांगितलं ते ऐक. "मार्कर नाही म्हणतात, पण तुमचा जुना रिपोर्ट मार्करच्या विरुद्ध जातो. एकेकाळी सहा कोटी असलेल्या माणसाच्या आत काहीतरी शिल्लक असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही. नुसत्या मार्करवर गेले असते तर ऑपरेशन नको म्हणाले असते. तुमच्या बाबतीत मी करा म्हणेन. सापडलं, तर आमचे मार्कर कुठं चुकतात ते कळेल. आमच्या तक्त्यात तुम्ही अपवाद आहात."

७ ऑगस्टची तारीख दिली आहे. रेणुकानं कॅलेंडरवर गोल केला. माय विहारात जाऊन मेणबत्ती लावून आली.

मी अपवाद आहे म्हणे. तू आहेस तो अपवाद. त्या तक्त्यात तू माझं नाव लावून बसला आहेस.

दादा


येलदरी
२० जुलै

प्रिय नागेश,

हंगाम चालू झालाय. पहाटे पाण्यावर वाफ असते आणि पलीकडची टेकडी दुपारपर्यंत दिसत नाही. गोल हौदात पाणी फिरत राहतं. त्यात मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, सुटले की पाणी धुरकट होतं. वाटीत घेऊन पाहिलं तर डोळ्यांचे नुसते ठिपके. एका वाटीत किती ते मोजायचं आणि वाट्यांनी गुणायचं. बाकीचं देह नसल्यासारखं पारदर्शक असतं. मी वाटी उजेडात धरून उभा राहतो आणि वेळ कळत नाही. लहानपणी बाबांनी तुला अशीच वाटी दाखवली होती. तू म्हणाला होतास, हे पाणीच बघायलंय आपल्याकडं.

लिंबाजीमामा अजून कामावर आहे. डोळ्यानं कमी दिसतं, पण नर निवडायला त्याचाच हात लागतो. ओल्या फडक्यात मासा धरतो, अंगठ्यानं पोट हळूच दाबतो. पांढरा थेंब आला की ओरडतो, "ह्यो नवरदेव तयार! हळद लावा!" आणि आला नाही की मासा पुन्हा तळ्यात. परवा नवीन आलेल्या एकानं कोरड्या नराच्या जोडीला ठेवलेल्या मादीला अंडी सोडायची सुई लावायला घेतली. मामानं त्याचा हातच धरला.

"आरं ए! नर रिकामा हाय की. तिला कशाला टोचायलास?"

"चुकलं मामा."

"तुझं चुकलं, पर जीव तिचा जातोय. आधी नर बघावा. येवढी अक्कल माशाच्या कामात बी लागती."

सगळे हसले. मी फडकं पिळत होतो. ते पिळून कोरडं झालं तरी पिळत राहिलो.

संभाजीनगरच्या दवाखान्यात बाकावर पुरुष बसलेले असतात. प्रत्येकाच्या शेजारी बायको. कुणी टोपी गुडघ्यावर ठेवून बसतो, कुणी मोबाइलमधे डोकं खुपसून. एकमेकांकडं कुणी बघत नाही. त्यांच्यापैकी कुणाला चिरायचं आणि कुणाला घरी पाठवायचं ते उद्या मॅडमच्या तक्त्यावरून ठरणार, आणि त्या तक्त्यात एक ओळ खोटी आहे. आधी हे खोटं आपल्या घरापुरतं होतं.

काल स्वप्नात पुन्हा ते गाव आलं. या वेळी रेणुका पुढं चालत होती. उंबऱ्याउंबऱ्यावरची बाटली उचलून नाव वाचत होती आणि परत ठेवत होती. तिला घाई नव्हती. गल्लीच्या टोकाला ती थांबली आणि मागं वळायच्या बेतात होती. मी जागा झालो.

तू परत लिहिलं नाहीस ते बरोबरच आहे. एकच प्रश्न होता, तो तू विचारलास.

दादा


येलदरी
१० ऑगस्ट

प्रिय नागेश,

सांगितलं.

सहा तारखेला भरती व्हायचं होतं. जिंतूरहून सकाळची गाडी धरली. रेणुकानं पिशवी मांडीवर घेतली होती. त्यात माझा टॉवेल, लुंगी, आणि तो कागद. चारठाणा आलं. मी उठलो आणि म्हणालो, "इथं उतरू."

"इथं कशाला? उशीर व्हायलाय."

"उतर."

तिथल्या जुन्या दगडी देवळांकडं चालत गेलो. सकाळची वेळ, कुणी नव्हतं. दगड अजून गार होते. एका कोरीव खांबापाशी ती बसली, मी उभा राहिलो. वाटलं होतं शब्द सापडणार नाहीत. पण ते आठ वर्षं तयारच होते. मी सूक्ष्मदर्शकापासून सुरुवात केली. बाटली. तू. शर्टाच्या आतली ऊब. सहा कोटी. पहिली भूल, दुसरी भूल. तुला मारलं ते. काही वगळलं नाही. खांबावरच्या दगडी बायकाही ऐकत असल्यासारख्या वाटत होत्या.

तिनं पिशवीतून कागद काढला, पाकिटातून बाहेर घेतला, मागच्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "हे भाऊजीचं हाय?"

"हो."

"आणि म्या घडीवर फाटू नये म्हणून पट्टी लावत बसले."

ती उठली आणि रस्त्याकडं चालू लागली. मला वाटलं, जिंतूरची गाडी धरून माहेरी जाईल. ती रस्ता ओलांडून पलीकडं गेली, संभाजीनगरच्या बाजूला. गाडी आली. ती बायकांच्या बाकावर पुढं बसली, मी मागं उभा राहिलो. पाच तास तिचा अंबाडा दिसत होता. देवगाव फाट्यावर तिनं एकटीनं चहा घेतला. सगळं काचेपलीकडं चालल्यासारखं वाटत होतं: तिचा हात, कप, उन्हातली धूळ.

दवाखान्यात ती थेट मॅडमच्या खोलीत गेली. कागद टेबलावर ठेवला.

"ह्यो रिपोर्ट यांचा न्हाई. माझ्या दिराचा हाय. तुमच्या वहीतून यांचं नाव खोडा, न्हाईतर खरं लिहा."

मॅडमनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. आठ वर्षांत मला कुणी दिली नाही अशी शिवी देतील असं वाटलं. त्यांनी तक्ता उघडला, माझी ओळ शोधली आणि जुन्या रिपोर्टचा रकाना रिकामा केला.

"मग मार्कर बरोबरच सांगत होते," त्या म्हणाल्या. "सुगत, उद्याचं ऑपरेशन मी रद्द करते आहे. या आकड्यांवर तुम्हाला चिरण्यात अर्थ नाही."

मी म्हणालो, "तरी करा. काही नाही सापडलं तरी चालेल. मला चिरा."

"शिक्षा म्हणून आम्ही कुणाला चिरत नाही."

रेणुका तोवर दारापर्यंत गेली होती. तिथूनच म्हणाली, "लय सोपं मागायलात तुमी."

परत आलो. ती घरात आहे. मायला तिनं स्वतः सांगितलं, स्वयंपाक करता करता, मी समोर असताना. माय चुलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आन् म्या ह्या पोरीला काय काय बोलले." दोन दिवस ती माझ्याशी बोलत नाही. रेणुका बोलते, कामापुरतं. मीठ, दार, पाणी.

त्या दिवसापासून स्वप्न पडलेलं नाही. पहाटे हौदावर जातो, वाटीत जिरे घेतो, आणि ती नुसती वाटी असते.

तू म्हणाला होतास, सांगशील त्या दिवशी लिही. चार दिवस उशीर झाला. पाकीट बंद करणार होतो, तेवढ्यात रेणुका म्हणाली, खाली जागा ठेवा.

दादा


भाऊजी, जयभीम.

आधीच्या पत्रांत यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. हे एक वाचलं.

तुम्ही घर सोडून गेलात ते माझ्या बाजूनं गेलात, असं तुम्हाला वाटत असेल. मला ते कसं कळावं? का गेलात हे मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटायचं, भाऊजी माझ्या दुखण्याला कंटाळले. तरी दर वर्षी पौर्णिमेला वाटी झाकून ठेवत होते.

मॅडमनी मला समजावून सांगितलं. चिरायच्या आधी दोन प्रथिनं बघायची. ती नाहीत म्हटलं तर माणसाला उगीच टेबलावर घ्यायचं नाही. चांगली गोष्ट काढली आहे. मला भूल देऊन आत नेलं तेव्हाही आधी सांगू शकतील असे दोघंच होते. एक बाहेर पायरीवर बसला होता. दुसरा माझी चप्पल हातात घेऊन उभा होता.

यांना मी घराबाहेर काढलेलं नाही. माफही केलेलं नाही. लेकराचं काय करायचं ते मी ठरवणार आहे, आणि मला घाई नाही. रिपोर्ट मी मॅडमकडून मागून आणला. तुमचा आहे, सोबत पाठवते आहे. पट्टी काढली तर फाटेल.

अश्विन पौर्णिमेला विहारात पुन्हा खीर आहे. या वेळी वाटी झाकून ठेवणार नाही. यायचं असलं तर या आणि माझ्यासमोर बसून तोंडानं सांगा. वाढायचं का नाही ते मग बघू.

रेणुका